ज्येष्ठ पुरुषांसाठी स्क्रीनिंग कार्यक्रम: धोरण कसे आखावे आणि कसे राबवावे

स्क्रीनिंग कार्यक्रमात ज्याला कसलाही त्रास होत नाही, ज्याने स्वतःहून काहीही मागितलेले नाही, अशा माणसाला आपण पत्र पाठवून बोलावतो. त्यामुळे त्या पत्रानंतर घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीची जबाबदारी कार्यक्रमावर येते: चुकलेले मोजमाप, हरवलेला अहवाल, विनाकारण लागलेली काळजी आणि शस्त्रक्रियेत झालेले नुकसानसुद्धा. अशा कार्यक्रमाचे काम नव्याने हाती घेणाऱ्यांनी ही गोष्ट सर्वांत आधी मनावर घ्यावी, कारण धोरणातले बहुतेक नियम हीच जबाबदारी पेलण्यासाठी असतात. यादीत आलेल्या प्रत्येक माणसाचे पुढे काय झाले, हे कार्यक्रमाला कोणत्याही दिवशी सांगता आले पाहिजे.

या लेखात पोटातील महाधमनीच्या फुगवट्याचे, म्हणजे ॲन्युरिझमचे, उदाहरण घेतले आहे. ही एक वय, एक तपासणी आणि फक्त पुरुष अशी आटोपशीर रचना असल्यामुळे धोरणाचे सगळे सांधे इथे स्पष्ट दिसतात. हृदयातून निघणारी ही मुख्य रक्तवाहिनी पोटात साधारण २ सेंटीमीटर रुंद असते आणि तिची रुंदी ३ सेंटीमीटर किंवा त्याहून अधिक झाली की तिला ॲन्युरिझम म्हणतात. फुगवटा वर्षानुवर्षे हळूहळू वाढतो, बहुधा कोणतेही लक्षण दाखवत नाही, आणि फुटला तर दहापैकी साधारण आठ जण दगावतात. त्यांतले अनेक रुग्णालयापर्यंत पोहोचतही नाहीत. वय, धूम्रपान, उच्च रक्तदाब आणि घराण्यातील इतिहास ही त्याची मुख्य कारणे आहेत. स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या मानाने बराच कमी आढळतो, म्हणून आजवरचे राष्ट्रीय कार्यक्रम पुरुषांपुरतेच राहिले आहेत.

पहिली पायरी: कार्यक्रम सुरू करावा का, हे ठरवणे

विल्सन आणि युंगनर यांनी १९६८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी मांडलेले निकष आजही या निर्णयाचा पाया आहेत. आजार महत्त्वाचा असावा, त्याची लक्षणपूर्व अवस्था ओळखता यावी, तपासणी लोकांना मान्य होण्याजोगी असावी, उपचार उपलब्ध असावा, कोणावर उपचार करायचे हे आधीच ठरलेले असावे आणि रुग्णशोध हे एकदाच उरकायचे काम नसून सतत चालणारे काम असावे, असा त्यांचा आशय आहे. यांतला ‘कोणावर उपचार करायचे’ हा निकष नवीन लोक घाईने ओलांडतात आणि पुढे बहुतेक गोंधळ तिथेच होतो.

पुराव्याकडे पाहताना सापेक्ष आणि निव्वळ असे दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत. ब्रिटनमध्ये ६५ ते ७४ वयोगटातील सुमारे ६७,८०० पुरुषांवर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्यांना तपासणीला बोलावले होते, निम्म्यांना नव्हते. सुमारे चार वर्षांत ॲन्युरिझममुळे बोलावलेल्या गटात ६५ आणि न बोलावलेल्या गटात ११३ मृत्यू झाले, म्हणजे या कारणाने होणारे मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले. हा आकडा भरघोस वाटतो. पण हजारी हिशेब केला तर हजारात साधारण तीन मृत्यूंच्या जागी दोन मृत्यू, इतका तो फरक आहे. हे दोन्ही आकडे खरे आहेत आणि पुरुषांना पाठवायच्या माहितीपत्रकात दोन्ही असले पाहिजेत. केवळ ‘४२ टक्के’ छापणे मला प्रामाणिकपणाला धरून वाटत नाही.

प्रत्येक तपासणी या कसोटीला उतरत नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगासाठी केली जाणारी पीएसए ही रक्तचाचणी साधी आणि स्वस्त आहे; पण तिच्यातून असे अनेक कर्करोग हाती लागतात ज्यांनी त्या माणसाला आयुष्यभरात कधीच त्रास दिला नसता, आणि त्यांच्या उपचारातून लघवीवरील ताबा किंवा लैंगिक क्षमता जाऊ शकते. यालाच अतिनिदान म्हणतात. तपासणी करणे सोपे आहे म्हणून ती सर्वांना द्यावी, हा युक्तिवाद समितीपुढे आला की पीएसएचे उदाहरण समोर ठेवावे.

याच पायरीवर शस्त्रक्रियेची क्षमता तपासून घ्यावी. फुगवटा सापडलेल्या माणसाला वेळेत शस्त्रक्रिया देणारे, आपले निकाल उघडपणे नोंदवणारे रक्तवाहिनी शल्यकेंद्र जोडलेले नसेल, तर सोनोग्राफीची यंत्रे हाताशी असूनही कार्यक्रम सुरू करू नये.

दुसरी पायरी: कोणाला बोलवायचे आणि यादी कुठून आणायची

इंग्लंडमध्ये २००९ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन २०१३ पर्यंत देशभर पोहोचलेला कार्यक्रम पुरुषाला तो ६५ वर्षांचा होतो त्या वर्षात, म्हणजे १ एप्रिल ते ३१ मार्च या काळात, बोलावतो. स्वीडननेही ६५ हेच वय ठरवले. अमेरिकेतील प्रतिबंधक सेवांच्या कृतिदलाची शिफारस मात्र वेगळी आहे: ६५ ते ७५ वयाच्या, आयुष्यात कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांची एकदा सोनोग्राफी करावी. धूम्रपानावर आधारलेली निवड वैद्यकीयदृष्ट्या समजण्याजोगी आहे, पण लोकसंख्येच्या यादीत कोण कधी सिगारेट ओढत होता याची भरवशाची नोंद क्वचितच असते. सर्वांना पत्र पाठवणारा कार्यक्रम उभारायचा असेल, तर वयाचा नियम राबवायला सोपा आणि तपासून पाहायलाही सोपा पडतो. ठरलेल्या वयापेक्षा मोठ्या आणि पूर्वी कधीच तपासणी न झालेल्या पुरुषांना स्वतःहून नाव नोंदवता यावे, अशी सोयही धोरणात लिहून ठेवावी.

यादी हा या कामातला सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. ती एखाद्या दवाखान्याच्या रुग्णांवरून नव्हे, तर संपूर्ण लोकसंख्येच्या नोंदीवरून तयार व्हावी. नाहीतर जे डॉक्टरकडे कधीच जात नाहीत तेच तिच्यातून गळतात, आणि अनेकदा धोका त्यांनाच अधिक असतो. पत्रे छापायला जाण्याआधी यादी मृत्यूच्या नोंदींशी ताडून पाहावी. पतीला जाऊन महिना झालेला असताना त्याच्या नावाचे, ‘आपण आता ६५ वर्षांचे होत आहात’ अशी सुरुवात असलेले पाकीट त्याच्या पत्नीच्या हाती पडते तेव्हा काय होते, हे ज्याने त्या घरातून आलेला फोन घेतला आहे त्याला सांगावे लागत नाही. हा ताळा यादी तयार करताना एकदा आणि छपाईच्या आदल्या दिवशी पुन्हा घ्यावा.

यादीतून वगळायचे कोणाला, तेही स्पष्ट लिहावे: ज्यांची या फुगवट्याची शस्त्रक्रिया आधीच झाली आहे, ज्यांचा फुगवटा आधीच माहीत असून ते तज्ज्ञांच्या देखरेखीखाली आहेत, आणि ज्यांनी समजून-उमजून नाव काढायला सांगितले आहे. प्रत्येक वगळणुकीला कारण, तारीख आणि नोंद करणाऱ्याचे नाव जोडलेले असावे. तुरुंगात, दीर्घकालीन मनोरुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात राहणाऱ्या पुरुषांसाठी वेगळी व्यवस्था लागते, कारण पत्र पोहोचले तरी केंद्रावर येणे त्यांच्या हाती नसते. यादी नोंदलेल्या लिंगावरून तयार होत असेल, तर जन्मतः पुरुष असून स्त्री म्हणून नोंद झालेल्या व्यक्तीला आपोआप पत्र जाणार नाही, पण तिच्या शरीरातील धोका तोच असतो. अशा व्यक्तींना सन्मानाने आणि गोपनीयतेने तपासणी मागता यावी, याची तरतूद आधीच करून ठेवावी.

तिसरी पायरी: निमंत्रण आणि संमती

पत्रासोबत जाणारे माहितीपत्रक निर्णय घेण्यासाठी असते, गर्दी जमवण्यासाठी नसते. तपासणी कशासाठी आहे, ती कशी होते, फुगवटा सापडला तर पुढे काय, शस्त्रक्रियेचे धोके कोणते, आणि लहान फुगवटा सापडल्यावर वर्षानुवर्षे मनात घर करून राहणारी काळजी कशी असू शकते, हे सर्व साध्या भाषेत त्यात यावे. न येण्याचा पर्याय त्यात उघडपणे लिहिलेला असावा. ‘जरूर या’ आणि ‘तुमचे तुम्ही ठरवा’ ही दोन वाक्ये एकाच पत्रात सुखाने नांदत नाहीत. धोरणाने दुसऱ्या वाक्याची बाजू घ्यावी.

पहिल्या भेटीला माणूस आला नाही तर दुसरी वेळ द्यावी. दुसऱ्यांदाही आला नाही तर त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांना कळवून, ‘पुढे कधीही संपर्क साधता येईल’ असे त्याला लिहून तेथेच थांबावे. नकार देणाऱ्याचा नकार नोंदवावा आणि तो मागे घेण्याचा मार्ग खुला ठेवावा.

संमती केंद्रावर, तपासणीपूर्वी, प्रत्यक्ष बोलून घ्यावी. भाषा वेगळी असेल तर प्रशिक्षित दुभाषी द्यावा. मुलाने किंवा पत्नीने भाषांतर केले तर नको असलेली वाक्ये प्रेमापोटी गाळली जातात. बौद्धिक अक्षमता किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या पुरुषाच्या बाबतीत त्याला स्वतः निर्णय घेता येतो का, हे आधी पाहावे. येत असेल तर सोप्या चित्रांची माहिती आणि लांब वेळ द्यावी, आणि येत नसेल तर त्याच्या हिताचा निर्णय कायद्याने ठरलेल्या पद्धतीने व्हावा. केवळ निदान आहे म्हणून त्याचे नाव परस्पर काढून टाकण्याचा अधिकार कोणालाही नसावा.

चौथी पायरी: प्रत्यक्ष तपासणी

सोनोग्राफीला सुमारे दहा मिनिटे लागतात. माणूस पाठीवर झोपतो, पोटावर थंडगार जेल लावले जाते आणि तंत्रज्ञ प्रोब, म्हणजे ध्वनिलहरी सोडणारे हातातले उपकरण, बरगड्यांच्या खालून बेंबीपर्यंत सरकवत नेतो. पडद्यावर महाधमनीचा आडवा छेद काळ्या वर्तुळासारखा दिसतो. प्रोब फिरवला की तीच वाहिनी उभी, लांबट पट्ट्यासारखी दिसते. दोन्ही छेदांत सर्वांत रुंद जागी चित्र थांबवून पुढून-मागून रुंदी मोजली जाते आणि दोन्ही चित्रे साठवली जातात.

आता मोजायचे कुठून कुठपर्यंत? वाहिनीच्या भिंतीला जाडी असते. इंग्लंडचा कार्यक्रम आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजतो. इतरत्र बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत किंवा एका भिंतीच्या पुढच्या कडेपासून दुसऱ्या भिंतीच्या पुढच्या कडेपर्यंत मोजण्याची पद्धत आहे. या पद्धतींमध्ये काही मिलिमीटरचा फरक पडतो. ५.४ आणि ५.५ सेंटीमीटर यांच्यात एका मिलिमीटरचेच अंतर आहे, आणि त्या अंतरावर एका माणसाची वाट देखरेखीकडे जाते तर दुसऱ्याची शल्यचिकित्सकाकडे. म्हणून एकच पद्धत निवडावी, ती लेखी ठेवावी, आणि दुसऱ्या देशातील मर्यादा उचलताना त्या कोणत्या पद्धतीने मोजलेल्या आकड्यांवर बेतल्या आहेत हे पाहिल्याशिवाय उचलू नये. त्याचप्रमाणे रुग्णालयातील शल्यचिकित्सक सीटी स्कॅनवर वेगळ्या पद्धतीने मोजत असतील, तर माणसाला दोन वेगळे आकडे ऐकू येतील. त्याचे कारण त्याला आधीच सांगून ठेवावे.

या कामासाठी सर्वांगीण सोनोग्राफी शिकलेला तज्ज्ञच लागतो असे नाही. एकाच अवयवाचे मोजमाप शिकवलेले स्क्रीनिंग तंत्रज्ञ हे काम उत्तम करतात. अट इतकीच की त्यांचे प्रशिक्षण परीक्षेने पारखलेले असावे आणि त्यांच्या साठवलेल्या चित्रांपैकी काही चित्रे दुसऱ्या, अधिक अनुभवी व्यक्तीने नियमित पुन्हा तपासावीत. ही फेरतपासणी चुका पकडून शिक्षा करण्यासाठी आहे असा समज एकदा पसरला की तंत्रज्ञ अडचणीची चित्रे लपवू लागतात. तेव्हा प्रशिक्षकाने तंत्रज्ञाच्या शेजारी बसून चित्र पाहण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून पाडावी.

काही वेळा पोटातील वायू किंवा स्थूलता यांमुळे महाधमनी दिसतच नाही. अशा वेळी ‘दिसली नाही’ असाच निकाल नोंदवावा. अंदाजाने ‘सामान्य’ लिहिणे ही या कार्यक्रमातली सर्वांत धोकादायक सवय आहे. त्या माणसाला दुसरी वेळ द्यावी आणि तेव्हाही दिसली नाही तर रुग्णालयाच्या सोनोग्राफी विभागाकडे पाठवावे. तंत्रज्ञ मूत्रपिंड, यकृत किंवा इतर अवयव पाहत नाही, हे माहितीपत्रकात आणि तोंडीही सांगावे, नाहीतर माणूस ‘पोटाची सोनोग्राफी झाली, सगळे ठीक आहे’ असा समज घेऊन घरी जातो.

पाचवी पायरी: निकाल आणि देखरेख

निकाल तिथल्या तिथे तोंडी सांगावा आणि नंतर त्या माणसाला व त्याच्या डॉक्टरांना लेखी कळवावा. ३ सेंटीमीटरपेक्षा कमी असेल तर काम संपले. पुन्हा बोलावण्याची गरज नाही. इंग्लंडच्या कार्यक्रमाने आरंभी ठरवलेल्या विभागणीनुसार ३.० ते ४.४ हा लहान फुगवटा असून त्याची सोनोग्राफी वर्षातून एकदा, ४.५ ते ५.४ हा मध्यम फुगवटा असून त्याची सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, आणि ५.५ किंवा त्याहून मोठा असेल तर शल्यचिकित्सकाकडे रवानगी, अशी व्यवस्था होती.

५.५ची मर्यादा हवेतून आलेली नाही. त्याहून लहान फुगवट्यांवर लवकर शस्त्रक्रिया करावी की नुसते लक्ष ठेवावे, याची तुलना ब्रिटनमधील १९९८ साली आणि अमेरिकेतील २००२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांनी केली, आणि लवकर शस्त्रक्रिया केल्याने माणसे अधिक जगतात असे दोन्हींत आढळले नाही. लहान फुगवटा असलेला माणूस ‘काढूनच टाका’ म्हणतो तेव्हा त्याला हे समजावून सांगणारी व्यक्ती उपलब्ध असावी. लहान फुगवटा कळलेला माणूस अनेकदा वजन उचलणे, चालणे, प्रवास असे सगळे भीतीने सोडतो. म्हणून निदान झाल्यावर प्रशिक्षित परिचारिकेची भेट धोरणाचाच भाग असावी, आणि त्या भेटीत धूम्रपान सोडायला मदत, रक्तदाबावर नियंत्रण, स्टॅटिन या कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या औषधाबद्दल डॉक्टरांचा सल्ला आणि काय करायला हरकत नाही याची यादी, इतके तरी व्हावे.

देखरेखीतला माणूस भेटीला आला नाही तर त्याला पहिल्यांदा बोलावलेल्या माणसाचा नियम लावू नये. पहिल्याला आजार असण्याची शक्यता थोडी असते. दुसऱ्याला तो आहेच. इथे फोन करावा, पुन्हा पत्र पाठवावे, डॉक्टरांमार्फत विचारणा करावी आणि त्याने स्पष्ट नकार दिल्याशिवाय त्याचे नाव सोडू नये.

सहावी पायरी: शल्यचिकित्सकाकडे पाठवणे

मोठा फुगवटा सापडल्यावर घड्याळ सुरू होते. इंग्लंडच्या मानकांनुसार रवानगीनंतर दोन आठवड्यांत तज्ज्ञांची भेट आणि योग्य असल्यास आठ आठवड्यांत शस्त्रक्रिया अपेक्षित असते. धोरणात नुसती मुदत लिहून भागत नाही. मुदत ओलांडली तर कोणाला, कोणत्या दिवशी, कोण कळवणार, हेही लिहावे लागते. शल्यकेंद्राने रवानगी मिळाल्याची पोच दिली पाहिजे, आणि पोच आली नाही तर दुसऱ्याच कामाच्या दिवशी फोन झाला पाहिजे. प्रत्येक शस्त्रक्रियेचा निकाल, मृत्यू आणि गुंतागुंतीसह, कार्यक्रमाकडे परत यायला हवा, कारण निरोगी वाटणाऱ्या माणसाला शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत आपणच आणलेले असते. ज्यांची प्रकृती शस्त्रक्रियेला झेपणारी नाही किंवा ज्यांना ती नको आहे, त्यांचा पाठपुरावा कोण करणार हे अधांतरी राहू देऊ नये.

सातवी पायरी: गळती शोधणे

प्रत्येक टप्प्यावर आत आलेल्या आणि बाहेर पडलेल्या माणसांची संख्या जुळली पाहिजे. पात्र ठरलेले किती, पत्र गेलेले किती, आलेले, नाकारलेले, न आलेले किती. तपासलेल्यांपैकी निकाल नोंदलेले किती. पाठवलेल्यांपैकी पोहोचलेले किती. हा ताळेबंद ठरलेल्या व्यक्तीने ठरलेल्या दिवशी दर आठवड्याला करावा आणि ती व्यक्ती रजेवर असेल तेव्हा दुसऱ्याचे नाव आधीच लिहिलेले असावे. संगणकप्रणाली बदलताना विशेष सावध राहावे: जुन्या प्रणालीत ‘तहकूब’ असलेली नावे नवीन प्रणालीत येतातच असे नाही.

चूक झालीच तर तिची लपवाछपवी होऊ नये म्हणून पद्धत आधीच ठरलेली असावी. एका तंत्रज्ञाचे मोजमाप सातत्याने कमी येत होते असे आढळले, तर त्याने तपासलेल्या सर्वांची साठवलेली चित्रे पुन्हा पाहणे, गरज असलेल्यांना परत बोलावणे आणि त्यांना कारण खरेखुरे सांगणे, हा क्रम कागदावर तयार हवा. माणसांना सांगण्याचा निर्णय त्या दिवशी घाबरलेल्या खोलीत बसून घ्यावा लागू नये.

आठवी पायरी: मोजणे, थांबणे, पुन्हा विचार करणे

येणाऱ्यांचे प्रमाण एकूणात किती, हा आकडा अपुरा आहे. गरीब वस्त्यांतून येणाऱ्यांचे प्रमाण कमी आणि तेथे फुगवट्याचे प्रमाण अधिक, असे इंग्लंडमध्ये दिसते. म्हणजे सरासरी समाधानकारक असतानाही ज्यांना लाभ सर्वाधिक तेच बाहेर राहू शकतात. आकडे वस्तीनिहाय पाहावेत आणि केंद्राची जागा व वेळ त्यानुसार बदलावी.

कार्यक्रम खंडित होण्याची तयारीही ठेवावी. २०२०च्या साथीत तपासण्या थांबल्या तेव्हा हा प्रश्न सर्वत्र उभा राहिला. पुन्हा सुरू करताना शस्त्रक्रियेची वाट पाहणारे आधी, मध्यम फुगवट्याचे त्यानंतर, मग लहान फुगवट्याचे आणि शेवटी नवीन निमंत्रणे, असा क्रम आधीच मान्य करून घेतला तर अडचणीच्या काळात वाद होत नाहीत.

धूम्रपान कमी झाल्यामुळे फुगवट्यांचे प्रमाण खाली आले आहे. २००२च्या चाचणीत तपासलेल्या ६५ ते ७४ वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ५ टक्क्यांमध्ये फुगवटा सापडला होता. इंग्लंडच्या कार्यक्रमात आज ६५ वर्षांच्या पुरुषांमध्ये ते प्रमाण सुमारे १ टक्का आहे. वयोगट सारखे नसले तरी घट खरी आहे. त्यामुळे वय, देखरेखीतील अंतर आणि कार्यक्रमाची गरज यांचा ठरावीक वर्षांनी फेरविचार करण्याचे कलम मूळ धोरणातच घालावे, आणि त्या फेरविचाराला कार्यक्रम चालवणाऱ्यांपासून स्वतंत्र असलेली माणसे बसवावीत. कार्यक्रम बंद करण्याचा निर्णय झाला, तरी देखरेखीतील पुरुषांच्या सोनोग्राफी पुढची अनेक वर्षे चालू ठेवाव्या लागतील, आणि त्यांचा खर्च व त्यांची यादी कोणाकडे राहील हे त्याच कलमात लिहून ठेवावे.